वाढल्या पानावरून उचललेला तुकडा

वहिनी, तुमच्या तेराव्याला मी ती गोष्ट सांगितली.

गोडाची पंगत उठली होती. पुरुष ओटीवर सुपाऱ्या कातरत बसले होते, बायका माजघरात. डोळे पुसून झाले, तुमचे गुण गाऊन झाले, आणि मग नेहमी होतं तसंच झालं. चौलच्या काशीआत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमन, ती मटनाची सांग गो. तुज्यावानी कुनाला सांगता येत न्हाय." मी एकदा नको म्हटलं. दुसऱ्यांदा कुणी आग्रह करायच्या आत सुरुवातही केली.

तुमचा फोटो आपल्याकडे नाही. जत्रेत फोटोवाला आला की तुम्हांला हटकून काहीतरी काम निघायचं. त्यामुळे कोपऱ्यात नुसता दिवा होता. मी दिव्याकडे पाठ करून बसले, एवढी तरी लाज मला होती म्हणायची. तुमची चाल करून दाखवली, तुमचा आवाज काढला. ओठाखाली दाभण टेकवून डोळे बारीक करायची तुमची तऱ्हा केली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जिचं तेरावं जेवलो तिलाच हसलो. काय म्हणावं आम्हांला!

त्या दिवशी जे घडलं ते घडल्यापासून मला जेवण गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले. सातवी पास झाल्याचा उपयोग आजवर दुसऱ्यांची पत्रं लिहिण्यापुरताच झाला. तुम्हांला वाचता येत नव्हतं, पण मी वाचायला लागले की तुम्ही हातातलं काम ठेवून ऐकायच्यात. आताही तसंच ऐका. फक्त मध्येच "मंग? फुडं?" म्हणून घाई करू नका. मला भराभर सांगता येणार नाही.

साहेब गेला त्या वर्षी भाऊजींनी ती पेटी घरी आणली. किहीमला समुद्रावर एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता, तिथे भाऊजी माळी होते. साहेब आवराआवर करून निघाला तेव्हा नोकरांपैकी कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला आरसा. तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला आली ही लोखंडी पेटी, पुढे दार, आत जाळीची फळी. बैलगाडीतून उतरवताना सासूबाईंना वाटलं तिजोरी आली. त्यांनी लगबगीने हळदकुंकूही आणलं. "यात काय ठेवायचं रे?" त्यांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, "मटन." सासूबाईंनी कुंकवाचा करंडा तसाच परत नेला.

घरातल्या चुलीवर मटण शिजवायचं नाही हा आपला रिवाज. त्याची चूल वेगळी, भांडी वेगळी, सगळं परसात. तेव्हा पेटीही परसात फणसाखाली गेली, तीन दगडांवर. खाली लाकडं, वर पत्र्यावर निखारे. आपण दोघी जावा तिच्यापुढे उकिडव्या बसून हसत होतो ते मला आठवतं. तुम्हांला मूल नव्हतं आणि माझी शालन तेव्हा सात-आठ वर्षांची. ती तुमच्या पाठीला लोंबकळत "आई, आत काय आहे ते बघू दे" म्हणत होती. ती तुम्हांलाही आई म्हणायची.

पहिली चूक तिथेच झाली, आणि ती आपल्याच भागातल्या माणसाच्या हातून होण्यासारखी होती. पौषात आपण शेतावर पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला चोपडलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. आत शिजलं की नाही हे उघडून बघता येत नाही, म्हणून मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. पाणी चुर्र करून उडालं की पोपटी झाली. हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तुम्ही पेटीलाही तोच न्याय लावलात. पत्र्यावर पाणी शिंपडलंत, चुर्र झालं, दार उघडलंत. बकऱ्याची अख्खी मांडी वरून अशी तांबूस खरपूस झाली होती की वासानेच शेजारची मंडळी कुंपणाशी आली. पण मडकं पडलं मातीचं, ते सावकाश तापतं, आणि तोवर आतलं शिजतं. लोखंडाला तापायला कितीसा वेळ लागतो! आत मांस हाडाशी लालच होतं. आपण ते पाहिलं. भाऊजी म्हणाले, "साहेब असंच लाल खातो." मग काय, आपणही साहेब झालो.

दुसऱ्या दिवशी सगळं घर आडवं झालं. मोठी माणसं दोन दिवसांत उठून बसली, शालन उठेना. तिचे डोळे आत गेले, पोटात पाणी ठरेना. तुम्ही स्वतः धड उभ्या राहू शकत नव्हतात, तरी तिला मांडीवर घेऊन पेजेचं पाणी मीठ घालून चमच्याचमच्याने पाजत राहिलात. ओकली की पुसायचं, पुन्हा चमचा. डॉक्टरसुद्धा म्हणाले, या बाईंनी पोर वाचवली. आणि मी? मी सासूबाईंसमोर, भाऊजींसमोर, भिंतीला टेकून तुम्हांला म्हणाले, "माजी पोर मारली असती तुमी."

तुम्ही पुढचा चमचा भरलात. मी पुढे तो विषय काढला नाही. पोर हसूखेळू लागली, आणि आपल्या दोघींत सगळं पूर्ववत झालं असं मी धरून चालले.

तुम्ही मात्र पेटीचा पिच्छा पुरवलात. दुसरी कुणी असती तर ती पेटी भंगारात गेली असती. साहेबाचा खानसामा काय करायचा म्हणून भाऊजींना विचार विचार विचारलंत. त्यांना गुलाबापलीकडे काय ठाऊक? शेवटी तुमचं तुम्हीच शोधलंत, तेही दहा वेळा चुकून. एकदा कोंबडी कोळसा झाली, एकदा मांडी बाहेरून कडक नि आतून चिवट. मग गोणी शिवायचं दाभण तुमच्या हाती आलं. ते मांसात पार हाडापर्यंत खुपसायचं, जरा थांबायचं, उपसून ओठाखाली टेकवायचं. चटका बसला तर झालं, नुसतं कोमट लागलं तर दार बंद. तुमच्या खालच्या ओठाखाली त्याने बारीक काळा डाग पडला होता. "वहिनी, हा डाग पेटीचा की भाऊजींचा?" असं मी विचारायची आणि तुम्ही ओल्या हाताने मला फटका द्यायच्यात. पन्नाशीला आलेली बाई, पण लाजायच्यात मात्र नव्या नवरीसारख्या.

काय काय नियम होते तुमचे! खाटकाकडून आणलेलं मटण सूर्य डोक्यावर यायच्या आत विस्तवाशी गेलंच पाहिजे. "मटन आनि पावना, दोगांना ताटकळत ठेवू नये," म्हणायच्यात. ज्या विळीवर कच्चं मांस कापलं तिच्यावर कोशिंबिरीची काकडी कापायला मी घेतली म्हणून तुम्ही माझ्या हातून विळी हिसकावून घेतली होतीत आणि राखेने घासघासून उन्हात ठेवली होतीत. जून बोकड असला तर भाजायचा नाही. टोपात कांदा, आमसुलं आणि अगदी थोडं पाणी घालून झाकणाला तांदळाच्या पिठाचा लगदा लावायचा आणि मंद निखाऱ्यावर पेटीत ठेवून विसरून जायचं. एकदा आमच्या ह्यांनी मोडक्या छत्रीच्या काड्या आणल्या, त्यांवर तुकडे ओवून निखाऱ्यावर भाजू म्हणाले. तुम्ही काडी नखाने खरवडून पाहिलीत. काळा रंग नखाला लागला. "हा रंग पोटात घालायचा व्हय?" म्हणून काड्या कुंपणापलीकडे गेल्या. आणि मांडी पेटीतून काढल्याबरोबर कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "निवू दे. रस बसू दे." आम्ही सगळे पानं मांडून ताटकळलेले आणि तुम्ही टोपावर केळीचं पान झाकून राखण करत बसलेल्या. मला तेव्हा तुमचा वैताग यायचा. आता माझ्या हातचं मटण घरात कुणाला बाधत नाही ते तुमच्या धाकामुळे, हे मी एकदा तरी तोंडाने बोलायला हवं होतं.

पेटीचं नाव झालं. नागावचे, चौलचे पाहुणे मुद्दाम पेटीचं मटण मागू लागले. त्यातूनच माणगावची ती मंडळी आली.

शालन सतरा वर्षांची झाली होती. माणगावच्या मुलाचं स्थळ सांगून आलं, मुलगा कचेरीत कारकून, घरची भातशेती, बघण्याचं झालेलं, दोन्हीकडून पसंती. पुढच्या गुरुवारी सुपारी फोडायची. त्या दिवशी गोडाचंच जेवण, म्हणून मुलाचे वडील तात्या स्वतःच म्हणाले होते, "तिखट आधी होऊन जाऊ दे. तुमच्याकडली ती पेटी ऐकून हाये आमी." आपण सगळ्यांनी कामं वाटून घेतली. मी वडे केले, तुम्ही पेटीपुढे.

त्या दिवशी खाडीवरून वारा सुटला होता. पेटीची दाराकडची बाजू वाऱ्याच्या तोंडाला होती. तुम्ही मागच्या बाजूला दाभण घालून पाहिलंत, चटका बसला, मांडी निवायला ठेवलीत, कापलीत. पहिले मोठे तुकडे मानाच्या पानांवर गेले. तात्या पहिल्या पानावर, त्यांच्या शेजारी मुलाचे मामा. मी दारात उभी राहून कुणाला काय हवं ते बघत होते. तेवढ्यात उरलेली मांडी कापायची सोडून तुम्ही परसातून आलात. डोक्यावर पदर नाही, हात बरबटलेले. ओटीवर पुरुषांची पंगत बसलेली आणि तुम्ही सरळ तिच्या मधून चालत गेलात. तात्यांनी तुकडा मोडून घास उचलला होता. तुम्ही तो त्यांच्या हातातून घेतलात. पानावरचा उरलेला तुकडाही उचललात. "हे खाऊ नका," म्हणालात. "हाडाशी लाल हाय."

तोंडचा घास काढून घेणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. मग मामा म्हणाले, "वाढल्या पानावरून उठिवतात काय आमाला?" आणि उठले. पंगतीतला एक उठला की बाकीच्यांना बसता येत नाही. तात्या उठले, मुलगा उठला, सगळे हात न धुता पायऱ्या उतरले. आमचे हे हात जोडत वळणापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि एकटेच परत आले.

तुम्ही तोवर मांडी पुन्हा पेटीत घातली होतीत. वाऱ्याच्या बाजूला फळकुट लावलंत, निखारे वाढवलेत, पुढ्यात बसलात. मी तुमच्या डोक्यावर उभी राहून तोंडाचा पट्टा सोडला. लाल कुठलं, चोपडलेल्या आमसुलाचा रंग होता तो, तुमच्या डोळ्यांना आता दिसत नाही, एका तुकड्यापायी माझ्या पोरीचं वाटोळं केलंत, असं सगळं. तुम्ही एकदाच म्हणालात, "आमसूल असं दिसत न्हाय, सुमन." या वादाचा निकाल तुमच्या हयातीत लागलाच नाही. पुढे कितीदा आपण भांडलो, तुम्ही लाल म्हणायच्यात, मी आमसूल.

मग तुम्ही दाभण घातलंत, ओठाखाली टेकवलंत, मांडीच्या दुसऱ्या बाजूलाही घालून पाहिलंत. टोपात मटण, त्यावर केळीचं पान, वर वडे बांधून टोप डोक्यावर घेतलात. मी विचारलं, "कुटं निगालाव?" तुम्ही म्हणालात, "भरती लागल्याबिगर तरीची होडी खाडीपल्याड साळावला जायाची न्हाय. बसले असतील बंदरावर." रेवदंड्याच्या बंदरापर्यंत तुम्ही एकट्या चालत गेलात. मी तुमच्या पाठीकडे बघून कपाळाला हात लावला.

दिवेलागणीला परतलात. टोप रिकामा होता, घासलेला. पाय धुता धुता म्हणालात, "खाल्लं त्यांनी. निरोप धाडा." मी हसले. कसलं हसू होतं ते तुम्हांलाच ठाऊक. "निरोप कोन्च्या तोंडानं धाडू?" मी म्हटलं. निरोप मुलीकडच्यांनीच पाठवायचा असतो, आणि आपल्याला तर तोंड उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा म्हणालात. बुधवारी ह्यांनाही म्हणालात. हे माझ्याकडे बघायला लागले, मी मान हलवली. गुरुवार आला आणि गेला.

गोष्ट त्यानंतर तयार झाली. आधी मी ती रडून सांगत होते. मग एकदा काशीआत्या एका जागी फसकन हसल्या. पुढच्या वेळी मी ती जागा जरा रंगवली. शिमग्यापर्यंत तिला चांगलं तिखटमीठ लागलं होतं. तुमची चाल आली, तात्यांचे वटारलेले डोळे आले, मामांच्या मिशा आल्या. शेवटी मी म्हणायची, "आनि वयनी बंदरावर ग्येल्या मटन घेऊन. त्या दिशी रेवदंड्याची कुत्री बगा काय सुखात झोपली!" इथे हमखास हशा. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नघरात मला बोलावून बसवायचे ते या गोष्टीसाठी. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नव्हता. घरी परसात सांगितली की तुम्हीही हसायच्यात. एखादा तपशील चुकला तर दुरुस्तही करायच्यात, "न्हाय गो, डाव्या हातानं न्हाय, उजव्यानंच उचलला." मी समजायची, तुम्हांलाही मजा वाटते.

पाहुण्यांसाठी तुम्ही पेटी पुन्हा लावली नाहीत. कुणी मागितलं तर म्हणायच्यात, पत्रा सडलाय. पत्रा अजून धड आहे, मी काल हात लावून पाहिला.

शालन दोन वर्षं घरात बसली. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी पेणला दिली, नवरा भला आहे, दोन मुलं आहेत, आनंदात आहे. त्यामुळे त्या माणगावच्या स्थळाचं दुःख आता कुणालाच नाही. मला तर गोष्ट सांगताना तात्या हा खरा माणूस होता याचाही विसर पडला होता.

तर, तेराव्याला मी तात्यांचे डोळे वटारून दाखवत होते. बायका हसता हसता एकेक करून थांबल्या. मला वाटलं भाऊजी आले. वळून पाहिलं तर माजघराच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे, अंगात कोट, काखेत छत्री, तोंडाचं बोळकं झालेलं. ओळखायला मला वेळ लागला. काशीआत्यांना आधी ओळख पटली, त्यांनी पदर सारखा केला.

"बाई ग्येल्याचं रोह्याला कळलं," तात्या म्हणाले. "म्हनून आलो. तुमी थांबू नका. सांगा. फुडं काय झालं ते माजं मला आयकू द्या."

वहिनी, तुमची शपथ, त्या वेळी उंबऱ्यापाशी भुई दुभंगती तर मी आत गेले असते.

तात्या तिथेच दाराबाहेर टेकले. रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते गप्पा मारल्यासारखे बोलत होते. "तुमी डोळे वटारल्याचं दावता. वटारले न्हवते, बाय. मिटले व्हते. तुकडा मोडला तवाच मला आत लाल दिसलं. रगत सुटलं व्हतं. पन व्याह्याच्या घरचं पैलं जेवन, तोंड वाकडं कसं करायचं? म्हटलं डोळे मिटून गिळू. भीड म्हंजे भिकंची बहीन. तवर त्या आल्या आनि घास हातातनं घेतला. मी म्हटलं, सुटलो."

"मामा उठले," काशीआत्या हळूच म्हणाल्या.

"तो उठला म्हनून मला उठावं लागलं. बंदरावर सारी तोंडं फुगवून बसलो व्हतो. भरतीला येळ व्हता. ह्या बाई आल्या. टोप दगडावर ठेवला आनि लांब जाऊन बसल्या. म्हनाल्या, आता झालंय. खावा, न्हायतर पान्यात टाका. पन माज्या दारातनं उपाशी जाऊ नका. पैला हात कुनी घातला म्हायती हाय? मामानं! हाडं चोखली त्यानं. तसं मटन मी आजवर खाल्लं न्हाय, आनि आता दातच न्हायत. टोप माज्या पोरानं खाडीत धुतला."

भाऊजी ओटीवरून येऊन खांबाला टेकून उभे होते.

"मला म्हनाल्या, पोरगी पसंत हाय न्हवं? मी म्हटलं, पावन्याच्या पोटासाठी आपली लाज सोडनारं घर मला कुटं गावायचं? निरोप धाडा, गुरवारी येतो. गुरवारी पोरगा कापडं घालून बसला व्हता. फुडला गुरवारही बगितला. मंग म्हटलं, त्यांच्याच मनात न्हाय." ते माझ्याकडे बघून थांबले. "त्यांनी सांगितलं न्हाय का घरी?"

"सांगितलं व्हतं," मी म्हणाले.

एवढेच दोन शब्द माझ्या तोंडून निघाले. भाऊजींनी त्यांना हाताला धरून ओटीवर नेलं, पाणी दिलं. बायका आपापली पोरं गोळा करून निघाल्या. मी दिव्यात तेल घातलं, ते भरपूर होतं तरी.

तेव्हापासून मी एकच गोष्ट फिरवून फिरवून बघते आहे. तुम्ही तो घास का हिसकावलात? वाऱ्यामुळे एक बाजू कच्ची राहिली, ठीक. पण दुसरी कुणी असती तर आतल्या आत हळहळली असती, पुढचे तुकडे पुन्हा भाजायला ठेवले असते, पहिल्या पानावर जे गेलं ते गेलं म्हणाली असती. सगळ्या पंगतीदेखत स्वतःचा पदर विसरून धावत येणारी तुम्हीच. तुमच्या कानात माझंच वाक्य असणार. माजी पोर मारली असती तुमी. ते तुम्ही एवढी वर्षं जपून ठेवलंत, आणि पोरीच्याच लग्नाच्या दिवसांत त्याला जागलात. त्याबद्दल मी तुमची नक्कल करत गावभर फिरले.

तुम्ही निरोप धाडा म्हणालात तेव्हा खोटं बोलत होतात असं मला वाटलं नव्हतं, वहिनी. हे मला आज लिहिलंच पाहिजे. माझी अब्रू गेली होती आणि ती कुणामुळे तरी गेली असायला हवी होती. तुम्ही हाताशी होतात. तुम्ही उलटून बोलणार नाही हेही मला ठाऊक होतं. तात्यांनी ते मटण खाल्लं असं मी मान्य केलं असतं तर रागवायचं कुणावर? आणि मग पुढे ती गोष्ट सांगायची कशी?

परवा काशीआत्या पुन्हा आल्या, सोबत पुतण्याची नवी सून. पोरगी चुणचुणीत आहे, गोष्ट ऐकायला म्हणूनच आणली होती. मी बसले आणि सांगितली. पोपटीचा शिपका सांगितला, शालनचं आजारपण सांगितलं, मी भिंतीला टेकून काय बोलले ते सांगितलं. वारा, दाभण, तात्यांचे मिटलेले डोळे, बंदर, मामांनी घातलेला पहिला हात, सगळं. नक्कल कुणाचीच केली नाही. गुरुवारपाशी आले तेव्हा ती पोरगी म्हणाली, "मंग निरोप का न्हाय धाडला?" मी म्हटलं, "मी धाडू दिला न्हाय." ती माझ्याकडे बघत राहिली. नव्या सुनेने असं बघितलेलं मला आवडत नाही, पण मी मान खाली घातली.

काशीआत्यांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाल्या, "असली नको गो. पैलीच बरी व्हती. आनि तू कशाला येवढं लावून घेतंस? तिला तरी कुटं राग व्हता? ती तर आपल्यात सगल्यांत जास्त हसायची."

हसायच्यात खऱ्या. माझ्या कानात आहे ते हसू. पण तुम्ही हसायच्यात ते पेटीपाशी बसून, आमच्याकडे पाठ करून. एकदाही उठून आमच्यात येऊन बसला नाहीत. मी एवढ्या जणींपुढे तुमचं चालणं केलं, बोलणं केलं, पण ते हसू मला कधी करून दाखवता आलं नाही, वहिनी. त्या गोष्टीला हसताना तुमचं तोंड कसं व्हायचं, ते मी पाहिलेलंच नाही.